अल्पवयीन गस्तवाला

बाग्ताय, कामोतेस बेट
४ मार्च २०१७

प्रिय इंदाय लुदी,

नव्वदच्या वादळात नानायने आपला बाळ निन्यो घरातून उचलून गावकचेरीत नेऊन ठेवला, तेव्हा ताताय म्हणाले होते, "सेबिया, बसवतेस खरी ह्याला इथे, पण ही कचेरी आहे. एक दिवस कोणीतरी ह्याच्याकडेही कागद मागेल."

मी तेव्हा हसले होते. काल तो दिवस उगवला.

नगर कचेरीतून हुकूम आलाय. "एका नागरिका"ने तक्रार केलीय, की सरकारी जागेत बाळ येशूची मूर्ती आहे. तीस दिवसांत हलवा. मूळ तक्रार कॅप तिमोने खिशात घातलीय आणि कोणाला दाखवत नाही. म्हणतो, तपास चालू आहे. गावाचा कॅप्टन झाल्यापासून त्याचा तपास म्हणजे माडीच्या दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे डोळे बारीक करून बघणं.

मला संशय पास्टर गिदेओनचा. मूर्तीपुढून जाताना तो नेहमी आढ्याकडे बघतो. परवा त्याचा दाखला मी मुद्दाम गठ्ठ्यात सगळ्यांत खाली सरकवला. चिटणीस म्हणून एवढा हक्क मला असावा.

पण माझी काळजी वेगळी आहे. नानाय. ताताय गेल्यापासून आपली आई घरात बोलत नाही, तुला माहीत आहे. सकाळी भात वाढला, हुं. दुपारी मासळी वाढली, हुं. पण आठ वाजता हात धरून तिला कचेरीत नेलं, निन्योच्या फळीखालच्या खुर्चीत बसवलं, की तिला वाचा फुटते. आधी त्याच्याशी बोलते, मग जो दाखल्याला येईल त्याच्याशी. डोळ्यांना आता सावल्याच दिसतात, पण चपलांच्या आवाजावरून माणूस ओळखते. निन्यो हलला तर ती कुठे बोलणार? घरी आणावा म्हटलं तर तिचा नवस आडवा येतो. त्या खोलीत दोनशे माणसं वादळातून वाचली, म्हणून तो तिथेच राहील, परत घरी येणार नाही, असं ती बोललीय. नवस तिचा. मोडायचा कोणी?

कॅप तिमोने तोड काढलीय. म्हणतो, "पेक्ता, मूर्ती म्हणजे काय? जी नुसती बसते ती मूर्ती. जो काम करतो तो कर्मचारी." म्हणून निन्योला गावच्या गस्तवाल्याचा गणवेश शिवायचा. त्याचे नवसाचे अकरा पोशाख आहेतच: कोळ्याचा, डॉक्टरचा, पदवीदानाचा काळा झगा, बास्केटबॉलचा सात नंबरचा सदरा. हा बारावा. मी माप घेतलं. कंबर साडेसात इंच. हेवा वाटला.

नेस्तोरला नवी कवळी बसवली. हसला की घोडा वाटतो, म्हणून हसत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं आमचं भांडण झालंय.

फोन करू नकोस. फोनवर तू नुसतं "बरं, बरं" म्हणतेस. पत्र लिही. नानायला वाचून दाखवता येतं.

तुझी मानांग,
पेक्ता

*

सेबू शहर
१७ मार्च

मानांग पेक्ता,

पत्र मिळालं. बोटीवरच्या आचाऱ्याने ते सुक्या मासळीच्याच पिशवीत घातलं होतं, त्यामुळे गव्हर्नरने माझ्याआधी वाचलं. दुसऱ्या पानाचा कोपरा तिच्या पोटात आहे. मांजरीचं नाव गव्हर्नर ठेवलं तेव्हाच मला कळायला हवं होतं, की ती टपाल खाणार.

निन्योला गणवेश! ह्या वयात, मानांग?

तुला राग येईल, पण तो हुकूम मला चुकीचा वाटत नाही. कचेरी सगळ्या गावाची. मागच्या नोव्हेंबरात मी तातायच्या कबरीवर फुलं ठेवून रहिवासाचा दाखला घ्यायला तुझ्याकडे आले होते, आठवतं? घड्याळात तीन वाजले. तू भोंगा लावलास, प्रार्थना सुरू झाली, सगळे उठून उभे राहिले. तो मच्छरदाण्या विकणारा मकापोदी, मिंदानाओचा, तोही उभा राहिला. वीस मिनिटं. उजवा गुडघा दाबून धरला होता त्याने. मुसलमान माणूस, त्याची ती प्रार्थना नाही. पण बसला असता तर एकटाच बसलेला दिसला असता. म्हणून उभा.

आणि माझं तर तुला ठाऊकच आहे. माझा नवरा बारा वर्षं दावाओमध्ये दुसरीबरोबर राहतोय, त्यांना दोन मुलं आहेत, तरी कायद्याने मी अजून त्याची लाडकी बायको. ह्या देशात मकापोदीने मनात आणलं तर मुसलमान म्हणून त्याला काडीमोड मिळतो. मी फक्त मनात आणू शकते.

तुम्ही निन्योला कपाटात का ठेवत नाही? आत असेल, पण दिसणार नाही. नानायला तसंही सावल्याच दिसतात.

नानाय काय म्हणाली? खरंच बोलायची थांबेल असं वाटतं तुला? तक्रार करणाऱ्याला तिच्या खुर्चीचं माहीत नसेल, गं.

शाळेत नववीच्या मुलांनी नकाशात कामोतेस बेट समुद्रात विसरलं. मी सगळ्यांचा अर्धा गुण कापला.

लुदी

*

बाग्ताय
९ एप्रिल

इंदाय लुदी,

कपाटात? नानायला ते वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "तिलाच कपाटात ठेव म्हणावं." आणि मग म्हणाली, "तो गुडघ्याचा भाग परत वाच." मी परत वाचला. 

परवा तपासणी झाली. नगर कचेरीच्या बाकाल्सो मॅडम आल्या होत्या. उंच, हातात काळी छत्री, छत्रीला साखळी. दारातून आत आल्या आणि सवयीने निन्योच्या पायाला हात लावून त्यांनी क्रुसाची खूण केली. मग आपण कशाला आलोय ते त्यांना आठवलं. हात झटकला. चष्मा लावला.

"हे काय आहे?"

"गस्तवाला, मॅडम," कॅप तिमो म्हणाला.

खरं सांगू, निन्यो फार गोड दिसत होता. निळा सदरा, पाठीवर पिवळी पट्टी, गळ्यात शिट्टी. मुकुट काढून टोपी घातली होती. ती थोडी कानावर येत होती.

"हजेरीपटावर नाव आहे?"

"आहे ना. निन्यो."

"आडनाव?"

कॅपने माझ्याकडे बघितलं, मी नेस्तोरकडे. नेस्तोर कवळीमुळे तोंड उघडेना. रांगेतून मकापोदीच बिचारा मदतीला धावला, "सगळे 'सेबूचा निन्यो' म्हणतात, मॅडम."

"खाडे किती?"

"एकही नाही," कॅपची छाती फुगली. "सव्वीस वर्षांत एक खाडा दाखवा. वादळात हजर, पुरात हजर."

"सुट्टी?"

"घेतच नाही."

"पगार?"

"मागतच नाही, मॅडम! असे कर्मचारी आता मिळत नाहीत."

"वय?"

कॅपने निन्योची टोपी सरळ केली. मग म्हणाला, "तसं बघितलं तर दोन हजारांच्या वर."

"दिसतो पाचाचा."

"चण लहान आहे."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "म्हणजे पाच वर्षांचं मूल, बिनपगारी, बिनसुट्टीचं, सव्वीस वर्षं गस्तीवर. कॅप्टन, मूर्तीचं मी मागाहून बघते. आधी हे बालमजुरीत जातं."

लुदी, मी कॅप तिमोला डुकराच्या चोरीतही इतका घामाघूम झालेला पाहिला नव्हता. तो म्हणायला लागला, नाही मॅडम, तो खरं तर देव आहे. मॅडम म्हणाल्या, असं? मग तसं लिहू? सरकारी फळीवर देव? कॅप म्हणाला, नको नको, गस्तवालाच लिहा. मॅडम म्हणाल्या, मग वय लिहावं लागेल. असं तीनदा झालं. त्यांच्या तोंडावर हसू होतं की दाढ दुखत होती, मला काही कळेना.

तेवढ्यात नानाय खुर्चीतून उठली. "मूल माझं आहे. माझी परवानगी आहे. अंगठा कुठे करू?"

"आजी, तुम्ही ह्याची आई?"

"आणला मी, न्हाऊ घातला मी, बारा कपडे शिवून घेतले मी. आई आणखी काय करते?"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. जाताना नानायच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "ह्याला थोडी विश्रांती द्या, आजी. दमला असेल."

आता हुकूम आलाय तो असा: अल्पवयीन कर्मचाऱ्याला तत्काळ कामावरून कमी करावं. आणि कचेरीत एक तर सगळ्या धर्मांना सारखी जागा द्यावी, नाही तर कोणालाच देऊ नये. ठरवा आणि कळवा.

कॅप म्हणतो, सोपं आहे, सगळ्यांना देऊ.

मी अजूनही म्हणते, ही आग पास्टरनेच लावली. त्याच्या बायकोने ईस्टरआधीच नारळाचा केक पाठवला. मी केक खाल्ला, ताट धुतलं नाही.

पेक्ता

*

सेबू शहर
२२ एप्रिल

मानांग,

शिक्षकांच्या खोलीत तुझं पत्र वाचताना मी इतकी हसले, की मुख्याध्यापकबाईंना वाटलं रडतेय. त्यांनी पाणी आणून दिलं. मग मी खरंच थोडी रडले, कारण त्यांनी पाणी आणून दिलं होतं.

पास्टर गिदेओनचं ताट धुऊन दे. आणि त्याचा दाखला वर काढ. एखाद्या माणसाची चूक नसते आणि त्याच्या अंगावर मात्र येते.

मला तुला काही सांगायचं होतं, पण आज पेपर तपासायचे आहेत. पुढच्या वेळी.

नानाय अजून बोलतेय ना? रोज? किती वेळ?

लुदी

*

बाग्ताय
३ जून

इंदाय लुदी,

बोलतेय. आधीपेक्षा जास्त बोलतेय. ह्या खेपेला दोष कॅप तिमोचा.

सगळ्या धर्मांना सारखी जागा द्यायची म्हणून त्याने सभा बोलावली. आधी मकापोदीला विचारलं, "तुमच्या बाजूने फळीवर काय ठेवायचं? जे म्हणाल ते. मोठं असेल तर सुताराला बोलावतो."

मकापोदी म्हणाला, "कॅप, आमच्यात असलं काही ठेवत नाहीत. मला तेवढा माल न्यायचा दाखला तीन वाजता द्या. साडेतीनला बोट सुटते."

"ते होईल हो. पण फळीवर काय?"

"दाखला."

मग पास्टर गिदेओन उठला. म्हणाला, "आम्ही मूर्ती मानत नाही. आमच्या बाजूने काहीही ठेवू नका."

"असं कसं? सारखी जागा द्यायची आहे."

"मग काहीच नाही, तेच ठेवा."

कॅपने ते शब्दशः घेतलं. खडू घेतला, निन्योच्या उजवीकडे फळीवर वीतभर चौकोन आखला आणि खाली लिहिलं, "पास्टर गिदेओन यांचं काहीच नाही." डावीकडे दुसरा चौकोन, "मकापोदी यांचंही."

लुदी, आपल्या गावच्या बायका तुला ठाऊक आहेत. त्यांना फळी दिसली, फळीवर जागा दिसली, आणि ती जागा रिकामी बघवेना. मे महिना फुलांचा. तिसऱ्या दिवशी पास्टरच्या चौकोनात जाईचा गजरा. पाचव्या दिवशी मेणबत्ती. पेत्रोनिलाच्या सुनेला दिवस गेले, तर ती म्हणते मी "काहीच नाही"ला नवस बोलले होते! आता पलीकडच्या वस्तीतूनही बायका येतात, निन्योला एक फूल, काहीच नाहीला दोन.

पास्टर रोज सकाळी येतो, फुलं काढतो, आढ्याकडे बघतो, जातो. दुपारपर्यंत चौकोन पुन्हा भरलेला. काल तर बिचारा नानायच्या शेजारीच मटकन बसला. म्हणाला, "आजी, अठरा वर्षं मी लोकांना सांगतोय, की देवाला जागा लागत नाही. आता ते त्या जागेचीच पूजा करतायत." नानाय म्हणाली, "तुझ्याकडे निदान गर्दी तरी आहे. आमच्या बाळाला कामावरून काढलंय."

दोघं तासभर बोलत होते. मला आवडलं नाही.

कारण सभेत कॅपने शेवटी मूळ तक्रार मोठ्याने वाचली. सही नाही, टंकलेली आहे. त्यात असं होतं: "उजव्या गुडघ्याचं दुखणं असलेल्या एका व्यापाऱ्याला, जो ह्या धर्माचा नाही, वीस मिनिटं उभं राहावं लागतं." आता मला सांग, मकापोदीच्या शेजारी कोण राहतं? पास्टर गिदेओन! गुडघ्याचं आणखी कोणाला माहीत असणार? मी भर सभेत त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने छत्री उघडली. छपराखाली.

नेस्तोरची कवळी बोकडाने पळवली. आता बोकड हसतो.

पेक्ता

*

सेबू शहर
१५ जून

मानांग पेक्ता,

खुर्चीवर बस आणि मग वाच.

तक्रार मी लिहिली.

नोव्हेंबरात परतीच्या बोटीवरच डोक्यात शब्द जुळायला लागले होते. जानेवारीत शाळेतल्या यंत्रावर टंकून पाठवली. नाव घातलं नाही, कारण तू तिथे चिटणीस आहेस. म्हणजे असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर भ्याले.

मला मकापोदीचा गुडघा दिसत होता हे खरं आहे. पण मला माझाही दिसत होता. लग्न रद्द व्हावं म्हणून कोर्टात मी उभी होते तेव्हा समोर भिंतीवर क्रूस होता, आणि न्यायाधीश माझे कागद न बघता त्या क्रुसाकडे बघून म्हणाले, "बाई, थोडं सोसा." घरी आले तर नानायनेही तेच शब्द म्हटले. तेव्हापासून मी माझ्या घरात एकही मूर्ती ठेवली नाही. नानायलाही कधी ये म्हटलं नाही. वर्षातून एकदा येते, सकाळच्या बोटीने येते, साडेतीनच्या बोटीने निघते.

तक्रार चूक होती असं मी म्हणणार नाही, मानांग. ती बरोबर आहे. आज पुन्हा लिहावी लागली तर तेच लिहीन. पण "मूर्ती हलवा" असं टंकताना त्या फळीखाली एक खुर्ची आहे हे माझ्या मनातच आलं नाही. मी फळी बघितली, गुडघा बघितला, आई बघितली नाही. ती बोलायची थांबली तर ते माझ्यामुळे, ही एकच गोष्ट मला झोपू देत नाही.

पास्टरची माफी माग. माझ्यातर्फेही.

लुदी

ता. क. हे पत्र नानायला वाचून दाखवू नकोस.

*

सेबू शहर
२४ जुलै

मानांग,

पाच आठवडे झाले. बोटीवरचा आचारी म्हणतो, तू धक्क्यावर येतेस, मासळी देतेस, पत्र देत नाहीस. मासळी पोचली. गव्हर्नरने पिशवीत तुझं पत्र शोधलं, मीही शोधलं.

नानाय बोलतेय का, एवढंच लिही. एक शब्द चालेल.

लुदी

*

बाग्ताय
८ ऑगस्ट

इंदाय लुदी,

"वाचून दाखवू नकोस" हे पत्राच्या शेवटी लिहितात का, गं? इतकी वर्षं मुलांना शिकवतेस आणि तुला हे कळू नये?

तुझी पत्रं मी नानायला कचेरीत वाचून दाखवते, कारण घरात ती ऐकत नाही. त्या दिवशी पावणेतीन वाजले होते. रांगेत सात माणसं, त्यात मकापोदी. पास्टर गिदेओन चौकोनातली फुलं काढत होता. मी पाकीट फोडलं, "खुर्चीवर बस आणि मग वाच" म्हणून हसत हसत बसले, आणि पुढचं वाक्य त्याच आवाजात, त्याच वेगात माझ्या तोंडून बाहेर पडलं. शब्द परत घेता येत नाहीत. दुसऱ्या ओळीला थांबले तर सगळ्या रांगेने एका आवाजात विचारलं, "मग?"

वाचलं. सगळं वाचलं. तुझ्या ता. क. सकट.

पास्टरच्या हातात जाईचे तीन गजरे होते, तो तसाच उभा. मी त्याच्याकडे बघू शकले नाही. मकापोदी बराच वेळ आपल्या गुडघ्याकडे बघत राहिला, जणू त्या गुडघ्यानेच परस्पर तक्रार केली होती. मग बाहेर गेला आणि एक गुलाबी मच्छरदाणी घेऊन आला. "तुमच्या बहिणीला द्या," म्हणाला. "कोणी बघत होतं, हे मला माहीत नव्हतं." ती सोबत पाठवतेय. झालर आहे. मी त्याला म्हटलं, ती सेहेचाळीस वर्षांची आहे. तो म्हणाला, गुलाबीच उरलीय.

आणि नानाय. नानाय म्हणाली, "मला मार्चमध्येच कळलं होतं. गुडघ्याचं ह्या पेक्तीने दोनदा वाचलं, तरी हिच्या टाळक्यात शिरलं नाही."  तीन वाजले, मी भोंग्याला हात लावला नाही. पहिल्यांदाच. सगळ्यांना घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मी मकापोदीचा दाखला काढून शिक्का मारून दिला. तीन वाजून एक मिनिट. तो "आभार" म्हणाला आणि घाईघाईने गेला, आणि मला लाज वाटली.

सात आठवडे मी लिहिलं नाही, कारण मला तुझा राग आला होता. तक्रारीचा नाही. तू मला सांगू शकली असतीस, आणि सांगितलं नाहीस, ह्याचा. दुसरं म्हणजे मला रोज नानायकडे बघायचं होतं, ती थांबते का ते. तुझ्यासारखीच मलाही झोप नव्हती.

ती थांबली. नऊ दिवस. कचेरीतही हुं.

दहाव्या दिवशी सकाळी तिने कॅपला बोलावून घेतलं. म्हणाली, "वादळात माणसं कचेरीत होती, म्हणून तो कचेरीत. मी नवस बोलले तो माणसांजवळ राहायचा, भिंतींजवळ राहायचा नाही. आता माणसं आपापल्या घरात आहेत. यादी कर."

तेव्हापासून निन्यो गावात फिरतोय. एका घरी सात दिवस. रविवारी पुढच्या घरी. आणि जिथे निन्यो तिथे नानाय. सकाळी मी तिला त्या घरी सोडते, संध्याकाळी घेऊन येते. अख्खं गाव धास्तावलंय. निन्यो कोणाला काही म्हणत नाही, पण नानाय म्हणते. पेत्रोनिलाला म्हणाली, तुझ्या आमटीत चिंच नाही, धमकी आहे. कॅप तिमोच्या बायकोला म्हणाली, नवरा दिवसभर तपास करतो तो माडीचा, तुला माहीत आहे ना? आता माहीत झालंय. कॅप दोन दिवस कचेरीतल्या बाकावर झोपला.

बाकाल्सो मॅडम परवा आल्या होत्या. फळी रिकामी बघितली, लिहून घेतलं. मग छत्रीची साखळी चाळवत विचारलं, "मुलगा कुठे आहे?" मी म्हटलं, फिरतीवर. त्या म्हणाल्या, "फिरतीचं वय झालंय का?" आणि ह्या वेळी मात्र त्या हसल्या, मी नीट बघितलं. पास्टरची मी माफी मागितली. ताटही धुऊन दिलं, चार महिन्यांनी. त्याने एकच अट घातली: ते दोन्ही चौकोन त्याला स्वतःच्या हाताने पुसू द्यायचे. पुसले. जाताना नानायला म्हणाला, आजी, यादीत मला धरू नका, पण एखाद्या दुपारी तुम्ही एकट्या या. ती जाते. गुरुवारी. केक असतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

यादी कॅपने केली, पण सांगितली नानायने. एकेचाळीस घरं. मी शिक्का मारायला घेतली तर एकेचाळीसाव्या ओळीला तुझं नाव, सेबूचा पत्ता. मी म्हटलं, नानाय, ते गावात नाही, आणि ती घरात मूर्ती घेत नाही, आणि तिने तुला कधी बोलावलेलं नाही. ती म्हणाली, "माहीत आहे. ते 'सोसा' मी बोलले होते. न्यायाधीश तर परका होता."   मग मी दिवा लावायला उठले तेव्हा म्हणाली, "तिला लिही, तिच्याकडे मी तीन वाजता झोपेन."

तुला कळतंय ना लुदी? एक्याऐंशी वर्षांची बाई. तीनची प्रार्थना तिने बाळंतपणातही चुकवली नव्हती.

तिने एकेचाळीसपर्यंत थांबायचं नाही ठरवलंय. म्हणते, मोठा प्रवास आधी उरकावा. कपडे बांधून बसलीय, तिचे दोन, निन्योचे बारा. तिला बोटीच्या शिडीवर हात लागतो, आणि चढल्यावर खिडकीजवळची जागा, दिसत नाही तरी. निन्योला तू कपाटात ठेव, पलंगाखाली ठेव, शेजारणीकडे ठेव, मी नानायची समजूत काढीन. पण तिला बाहेरच्या खोलीत झोपवू नकोस, रात्री उठली की तिला भिंत सापडत नाही.

तुझं उत्तर मला पाठ आहे. शाळा आहे, मांजर आहे, घर लहान आहे, आणि ज्या बाईने 'सोस' म्हणून आपल्याला परत धाडलं तिला आपण का घ्यावं. ह्यातल्या एकालाही माझ्याकडे तोड नाही. तरी विचारते, कारण उद्या ती विचारेल, लिहिलंस का, आणि मला खोटं बोलता येत नाही.

शनिवारच्या सकाळच्या बोटीने येशील का, आणि साडेतीनला दोघांना घेऊन जाशील?

तुझी मानांग,
पेक्ता